पॅटरसनची 1967 ची फिल्म: खरा प्राणी की सूट? नेमकं तपासायचं काय?

परळकर

दादरच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'बिगफूट'च्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या जंगलात असल्याचं सांगितलं जाणाऱ्या माणसासारख्या केसाळ प्राण्याच्या, फिल्मवर चर्चा ठेवली आहे. रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी 20 ऑक्टोबर 1967 ला उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक नावाच्या ओढ्याकाठी घेतलेली तीच फिल्म. केसाळ आकृती दोन पायांवर वाळूतून जाते, मध्येच मान वळवून कॅमेऱ्याकडे बघते आणि झाडीत शिरते.

तीन ठिकाणी अडलोय. एक, हाती असलेली क्लिप स्थिर केलेली, 60 फ्रेमची, 'फोर-के' आहे. तिच्यात मांडीचे स्नायू हलताना दिसतात, केसही सुटे दिसतात. हे पुरावा म्हणून दाखवावं का? दोन, 'माणसाला असं चालताच येणार नाही' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात तथ्य किती? तीन, 1967 मध्ये असा सूट, म्हणजे माणसाने अंगावर चढवायचा केसाळ वेश, शिवता आला असता का?

"मला वाटतं खरं" किंवा "मला वाटतं खोटं" यापेक्षा मुलांना स्वतः मोजून बघता येईल असं काही सांगितलंत तर फार उपयोग होईल.

सोळामिमी

आधी ती 60 फ्रेमची क्लिप बाजूला ठेवा. तिच्यातल्या सेकंदाच्या 60 चित्रांपैकी 16, फार तर 24 चित्रं कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. बाकीची सॉफ्टवेअरने दोन चित्रांच्या मधे अंदाजाने भरली आहेत. केसांचंही तेच. असं सॉफ्टवेअर हजारो फोटो बघून 'केस असे असतात' हे शिकलेलं असतं, त्यामुळे धूसर डाग दिसला की तिथे ते केस काढतं. मुलांना ती दाखवायचीच असेल तर चित्र म्हणून दाखवा, पुरावा म्हणून नको.

आता मूळ फिल्म. कॅमेरा सिने-कोडॅक के-100, भाड्याने आणलेला, चावी देऊन चालणारा. फिल्म 16 मिमी, कोडाक्रोम टू. आकृतीच्या भागाच्या 954 फ्रेम मोजल्या गेल्या आहेत. 16 मिमीच्या एका फुटात 40 फ्रेम बसतात, म्हणजे हा तुकडा 24 फुटांना थोडा कमी. 100 फुटांच्या रिळातले आधीचे 76 फूट घोडे आणि रानाच्या दृश्यांत गेले होते.

खरी गोम कॅमेऱ्याच्या वेगात आहे. या कॅमेऱ्याची वेगाची चकती 16 पासून 64 पर्यंत जाते. पॅटरसन एरवी 24 वर घेत असत, पण त्या गडबडीत चकती कुठे होती ते त्यांनी पाहिलं नाही. नंतर ती 18 वर दिसली असं त्यांनी सांगितलं, आणि या चकतीवर 18 ची खूणच नाही. 16 नंतर थेट 24 येतो. मग 954 फ्रेम म्हणजे किती वेळ? 16 ने धरल्या तर जवळपास 60 सेकंद, 18 ने 53, आणि 24 ने 40 ला थोडे कमी. त्यात चावी उतरत आली की स्प्रिंगच्या कॅमेऱ्याचा वेग पडू शकतो. चालण्याचा वेग, पावलाचा ताल, शरीराचं 'जडपण' या सगळ्याबद्दलची विधानं या एका आकड्यावर उभी आहेत, आणि नेमका तोच आकडा नोंदलेला नाही.

उंचीचंही असंच. सूत्र साधं आहे: प्रत्यक्ष उंची म्हणजे फिल्मवरच्या चित्राची उंची गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. मान वळवून बघतानाच्या प्रसिद्ध 352 व्या फ्रेमपाशी अंतर 102 फूट, म्हणजे 31 मीटर, असं जागेवर नंतर केलेल्या मोजणीवरून धरतात. लेन्स 25 मिमीची होती असंही धरलं जातं, पण तेही गृहीतच. मुलांना उदाहरणासाठी चित्राची उंची 1.5 मिमी धरायला सांगा. 25 मिमीच्या लेन्सने उंची येते 1.86 मीटर. त्याच चित्राला 20 मिमीची लेन्स धरली की 2.32 मीटर, 15 मिमीची धरली की 3.1 मीटर. चित्र तेच राहिलं, आणि माणसाएवढी आकृती दरवाजात मावेनाशी झाली.

बारकाव्यांचं बघू. 25 मिमीच्या लेन्सने 31 मीटरवरची वस्तू फिल्मवर 1240 पट लहान होऊन उतरते. हातात धरून घेतलेल्या 16 मिमी फिल्मने मिलिमीटरला 50 रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगळ्या दाखवल्या असं उदार मनाने धरलं, तरी आकृतीच्या अंगावर एका रेषाजोडीची रुंदी होते अडीच सेंटिमीटर. त्याहून बारीक जे असेल ते या फिल्मला दिसत नाही. "कुठे चेन दिसत नाही, शिवण दिसत नाही, म्हणजे सूट नाही" हा युक्तिवाद इथेच बाद होतो. सहा-सात मिलिमीटरची चेन असली तरी दिसणार नव्हती. हाच हिशोब उलट्या बाजूनेही लावायचा: "पाठीवर चेन स्पष्ट दिसते" म्हणणारेही फिल्मच्या दाण्याकडे, म्हणजे ग्रेनकडे, बोट दाखवत असतात.

कॉप्यांबद्दल एक महत्त्वाचं. मूळ रीळ आज तपासायला उपलब्ध नाही, सगळं काम प्रतींवर चालतं. प्रतीची प्रत काढताना कॉन्ट्रास्ट वाढतो, सावल्या काळ्या ठिक्कर होतात आणि त्या सावल्यांना लोक 'स्नायू' म्हणतात. क्लिप कुठून आली ते ओळखायचं असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ई दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि एकसारख्या जुळ्या फ्रेम मोजा. दर दोन फ्रेमनंतर एक जुळी आली तर कुणीतरी 16 ची फिल्म 24 ची केली आहे. एफएफएमपेग हे व्हिडिओवर काम करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला एमपीडेसिमेट फिल्टर जुळ्या काढून टाकतो. पण त्याला एक अट आहे. मधे भरलेल्या फ्रेम असल्या तर तो फिल्टर फसतो, कारण त्या जुळ्या नसतात, जवळपासच्या असतात.

तारखेचाही एक मुद्दा आहे. फिल्म शुक्रवारी दुपारी घेतली आणि रविवारी, 22 ऑक्टोबरला, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात ती दाखवली असं सांगतात. कोडाक्रोम घरच्या बाथरूममध्ये धुण्याची फिल्म नव्हे. रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरांत नसतात, डेव्हलपरमध्ये असतात. त्यामुळे आधी पाठीचा काळा थर काढायचा, मग पहिला डेव्हलपर, मग लाल उजेड देऊन एक रंग, निळा उजेड देऊन दुसरा, शेवटी तिसरा, मग ब्लीच आणि फिक्सर. हे फक्त मोजक्या लॅबमध्ये व्हायचं. शनिवार-रविवारी ते कुठे झालं याची कागदोपत्री नोंद समोर आलेली नाही. एवढ्यावरून फिल्म खोटी ठरत नाही. 20 ऑक्टोबर ही तारीख मात्र फक्त शब्दावर उभी राहते.

चालपरीक्षा

वेगाचा मुद्दा सोळामिमींनी मांडला, चालीचा त्यालाच बांधलेला आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले बायोमेकॅनिक्सचे जाणकार डी. डब्ल्यू. ग्रीव्ह यांनी 1971 मध्ये या फिल्मचं विश्लेषण केलं. उंची त्यांनी 1.96 मीटरच्या आसपास काढली. त्यांचा निष्कर्ष दोन भागांत होता: वेग 24 असेल तर ही माणसाची चाल असू शकते, 16 किंवा 18 असेल तर माणसाच्या चालीशी जुळत नाही. दोन्ही बाजूंचे लोक त्यातलं आपल्या सोयीचं अर्धं वाक्य उचलतात. मुलांना पूर्ण वाक्य द्या.

ताल कसा बदलतो ते फळ्यावर दाखवता येईल. समजा, एकाच पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत 22 फ्रेम लागल्या. 24 च्या वेगाने ते झाले 0.92 सेकंद, 18 ने 1.22, 16 ने 1.38. मोठा माणूस आरामात चालताना हे चक्र साधारण एक ते सव्वा सेकंदाचं असतं. पाय लांब असला की तो झुलायला जास्त वेळ घेतो, लोलकासारखाच, म्हणजे लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. म्हणून मोठ्या प्राण्याचा ताल संथ असणार हे बरोबर आहे. पण संथ ताल दिसला म्हणजे प्राणी मोठा, हे उलटं विधान बरोबर नाही. फिल्म कमी वेगाने फिरवली की कोणीही जड दिसतो.

आता 'गुडघा वाकवून चालणं'. आपण चालतो तेव्हा टेकलेला पाय जवळपास सरळ होतो आणि शरीर पावलागणिक चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. फिल्ममधली आकृती टेकलेला गुडघाही वाकलेला ठेवते, त्यामुळे डोकं जवळजवळ एका पातळीत सरकतं. हे माणसाला अशक्य नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूवर ताण येतो, दमायला लवकर होतं, एवढंच. मुलाला भिंतीकडेने चालायला सांगा आणि डोक्याच्या पातळीला धरलेल्या खडूची रेघ भिंतीवर उमटू द्या. आधी नेहमीसारखं, मग गुडघे वाकवून. पहिली रेघ लाटेसारखी येईल, दुसरी बरीच सपाट.

मागचा पाय उचलताना नडगी जवळपास आडवी होते, हे दुसरं 'अमानवी' लक्षण सांगतात. पायाला मोठा तळवा बांधा म्हणजे कारण कळेल. खऱ्या बोटांच्या पुढे तळवा आठ-दहा सेंटिमीटर आला की तो वाळूत खुपसू नये म्हणून नडगी वर घ्यावीच लागते. लांब पावलाचा खरा प्राणीही हेच करेल. तेव्हा यावरून निकाल लागत नाही.

मला स्वतःला सर्वात जास्त खटकतो तो पावलांचा मेळ. तिथले ठसे साडेचौदा इंचाचे, म्हणजे सुमारे 37 सेंटिमीटरचे. माणसाचं पाऊल उंचीच्या साधारण 15 टक्के असतं. त्या प्रमाणाने 37 सेंटिमीटरचं पाऊल जवळपास अडीच मीटर उंचीचं. फिल्ममधून निघणारी उंची त्याहून बरीच कमी. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत प्रायमेट (माकड-वानर) विभाग सांभाळलेले जॉन नेपियर यांनाही ठसे आणि फिल्म एकाच प्राण्याचे वाटले नाहीत.

सह्यकडा

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण एक बाजू सुटते. पावलाचं 15 टक्क्यांचं प्रमाण माणसाचं आहे. हा माणूस नसेल तर ते लावता येत नाही. 1.96 मीटरला 37 सेंटिमीटर म्हणजे 19 टक्के. वेगळ्या प्राण्यात असू शकतं.

आणि हातापायांचं प्रमाण बघा. हाताच्या हाडांची लांबी भागिले पायाच्या हाडांची लांबी गुणिले 100 केलं की माणसात साधारण 72 येतं, चिंपांझीत 106 च्या आसपास, गोरिलात 117 च्या आसपास. मानववंशशास्त्रज्ञ जेफ मेल्ड्रम यांनी फिल्ममधल्या आकृतीचं 80 ते 90 मधे काढलं आहे. सूटमध्ये हात लांब करायचे तर हातात काठी धरून खोटा पंजा पुढे काढावा लागतो, आणि मग बोटं हलत नाहीत. इथे पंजा वाकताना दिसतो असं अनेक अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

सूटचे दावेही एकमेकांशी जुळत नाहीत. 'सूटमध्ये मी होतो' असं सांगणारे बॉब हायरोनिमस यांच्या वर्णनात घोड्याचं कातडं येतं. 'सूट मी विकला' म्हणणारे वेशभूषाकार फिलिप मॉरिस सांगतात 435 डॉलरचा डायनेल या कृत्रिम धाग्याचा गोरिला सूट. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? तो सूटही कोणी दाखवू शकलेलं नाही. 'खोटं' म्हणणाऱ्यांनीही पुरावा द्यायला हवा.

रंगपेटी

सूटच्या दाव्यांतली विसंगती खरी आहे, ती मुलांना सांगाच. पण एक कबुली खोटी निघाली म्हणून सूट नव्हताच असं होत नाही. माकडांच्या मेकअपसाठी मानद ऑस्कर मिळालेले जॉन चेंबर्स यांचं नावही सूट बनवणारे म्हणून वर्षानुवर्षं घेतलं गेलं. त्यांनी ते नाकारलं.

शिवणाच्या अंगाने सांगते. त्या काळच्या नकली फरचं पाठीचं कापड विणलेलं, ताणलं न जाणारं. चारी बाजूंनी ताणणारं फर नंतर आलं. न ताणणारं फर अंगावर चढवलं की तीन जागी हमखास चुण्या पडतात: काखेत, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे. सदऱ्याला लावतो तशी काखेत कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, लावली तर हात उचलता येतो, पण हात खाली आला की कळीचं कापड फुगतं. चुण्या लपवायचे दोन मार्ग आहेत. एक, आतून भर: अंगाबरोबर बसणाऱ्या बनियन-लेगिंगवर 25 मिमीचा स्पंज रबर सोल्युशनने चिकटवायचा, म्हणजे फर आतून ताणलेलं राहतं. दोन, लांब लव: पाच-सहा सेंटिमीटरची लव असली की चुणी तिच्याखाली झाकली जाते. फिल्ममधली आकृती आखूड लवेची वाटते, आणि सूट मानणाऱ्यांना अडचणीची बाब हीच आहे. आखूड लवेखाली चुण्या दिसायला हव्या होत्या. पण सोळामिमींचा अडीच सेंटिमीटरचा हिशोब इथेही लागू आहे. लव आखूड की लांब, हेच त्या अंतरावरून नक्की सांगता येत नाही.

सूटकडे झुकणाऱ्या खुणा दोन. मांडीच्या वरच्या भागात आडवी रेघ, जणू गमबुटासारखी विजार तिथे संपते. आणि पाऊल टाकताना कुल्ल्यांचा भाग फारसा हलत नाही, एका भरलेल्या तुकड्यासारखा राहतो. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यात तिथला स्नायू प्रत्येक पावलाला आवळला जायला हवा.

हाताच्या प्रमाणाबद्दल: खांद्याचा सांधा कुठे आहे हे फरखाली दिसत नाही. खांद्यावर स्पंज चढवला की सांधा वर सरकल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप लांब मोजला जातो. मांडी कुठून सुरू होते तेही तसंच. जांघेची शिवण खाली घेतली की पाय आखूड. दोन्ही मिळून 72 चे 80 व्हायला काठीचा पंजा लागत नाही.

मुलांना करून बघायचं असेल तर पूर्ण सूटला दीड मीटर पन्ह्याचं पाच-सहा मीटर फर लागेल. मंगलदास मार्केटात फरचं कापड मिळतं. त्यापेक्षा एक बाही आणि एक पाय एवढंच शिवा. फर नेहमी उलट्या बाजूने, ब्लेडने, फक्त पाठीचं कापड कापायचं. कात्रीने कापलं की लव तुटते आणि शिवणीवर टकलाची रेघ येते. लवेची दिशा खाली. शिवून झाल्यावर अडकलेली लव सुईने बाहेर ओढायची, शिवण दिसेनाशी होते. मुंबईच्या उकाड्यात स्पंजच्या आत दहा मिनिटांच्या वर कुणालाही ठेवू नका.

माझं मत विचाराल तर 1967 मध्ये असा सूट शक्य होता. सोपा नव्हता, आणि पहिल्या प्रयत्नात जमणारा नव्हता.

रानवाट

फिल्मचा कीस काढून निकाल लागणार नाही, निकाल शरीराने लागतो. हाड, दात, विष्ठा, केस. हिमालयातल्या 'यती'च्या नावाने जपलेल्या नऊ नमुन्यांचा डीएनए शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने 2017 मध्ये तपासला. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. 2019 मध्ये भारतीय सेनेने मकालू तळाजवळचे 32 बाय 15 इंचांचे 'यती'चे ठसे म्हणून फोटो टाकले होते ते मुलांना आठवत असतील. अस्वल पूर्ण तळवा टेकून चालतं. त्याचं मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडलं की एकच लांबलचक ठसा तयार होतो, आणि बर्फ वितळताना कडा सरकून तो आणखी वाढतो.

"जंगल मोठं आहे, प्राणी सापडत नाही" यालाही एक मोजमाप आहे. आपल्याकडे 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो मिळाले. लाजऱ्यात लाजरं जनावरही त्यात येतं. आणि एकटा प्राणी पन्नास वर्षं टिकत नाही. पिढ्या चालायला कळप लागतो, कळपाला रोजचं खाणं लागतं, आणि त्यातले काही मरतातच.

जायगँटोपिथेकस या नामशेष झालेल्या महाकाय वानराचं नाव कुणीतरी काढेल, म्हणून आधीच सांगतो. त्याचे फक्त दात आणि जबडे सापडले आहेत. पहिला दात जीवाश्मतज्ज्ञ कोनिग्सवाल्ड यांना 1935 मध्ये हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात मिळाला. त्याच्या नात्यातल्या एका जुन्या वानराचा जबडा आपल्या हिमाचलात बिलासपूरजवळ सापडला आहे. पण प्रथिनांवरून जायगँटोपिथेकसचं नातं ओरांगउटानशी जुळतं, आणि तो दोन पायांवर चालत होता हे दाखवणारं एकही हाड नाही.

फिल्मच्या आधीची पार्श्वभूमीही द्या. पॅटरसन यांनी 1966 मध्येच या विषयावर पुस्तक काढलं होतं आणि ते त्यावर माहितीपट करत होते. त्याच ब्लफ क्रीकला 1958 मध्ये ठसे गाजले होते. तिथल्या रस्त्याच्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस 2002 मध्ये वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी ते ठसे उमटवणारे लाकडी तळवे दाखवले.

परळकर

सर्वांचे आभार, खरंच खूप मिळालं. मग 31 मीटरचं दृश्य मोबाइलवर पुन्हा घेऊन बघायचं ठरवतोय. लेन्स कशी जुळवायची? आणि ठशांचं काही करता येईल का?

सोळामिमी

25 मिमीची लेन्स आणि 16 मिमीची 10.26 बाय 7.49 मिमीची चौकट, याला मोबाइलवर 88 मिमीच्या तोडीचं (35 मिमी फोटो-कॅमेऱ्याच्या हिशोबात) झूम लागतं. मुख्य कॅमेरा 26 चा असेल तर 3.4 पट. टेपने 31 मीटर मोजा. चौकटीची उंची तिथे 9.3 मीटर भरते, म्हणजे 1.96 मीटरची आकृती चौकटीच्या पाचव्या हिश्शाला थोडी जास्त. तेवढी दिसली की जुळलं. 24 फ्रेमवर घ्या आणि 0.67 व 0.75 पट वेगाने दाखवा, म्हणजे 16 आणि 18 ची चाल समोर येईल.

मुलाला साधा गडद ट्रॅकसूट घाला. नंतर क्लिप 1026 बाय 749 पिक्सेलवर आणा, थोडी धूसर करा, दाणा मिसळा आणि मग त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरने 'फोर-के' करा. ट्रॅकसूटच्या चुण्यांचे स्नायू कसे होतात ते मुलं स्वतः बघतील. बघणाऱ्यांना लेन्सचा आकडा आधी सांगू नका. उंची काढायला लावा, सगळे आकडे फळ्यावर लिहा, मग लेन्स सांगा.

रानवाट

ठशांसाठी दादर चौपाटी, ओहोटीला. एकाच मुलाला चार पट्ट्यांवर चालवा: पाण्यालगतची ओली वाळू, त्यावरची दमट, पूर्ण सुकी, आणि दमट वाळूवरच पुन्हा, पाठीवर दहा किलोचं दप्तर देऊन. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन वाट्या, पाणी एक वाटी. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. ठशाच्या कडेने पुठ्ठ्याची पट्टी लावा, मिश्रण बाजूने हळू सोडा. वरून धार पडली की बोटांच्या कडा मोडतात. दोन सेंटिमीटर जाडी झाली की थांबा, अर्धा तास हात लावू नका.

सुकल्यावर प्रत्येक साच्यावर वाळूचा प्रकार लिहून ठेवा आणि टाचेची खोली मोजा. दप्तराने खोलीत जेवढा फरक पडतो त्यापेक्षा वाळूच्या ओलाव्याने जास्त पडतो का, ते आकडे सांगतील. "एवढा खोल ठसा म्हणजे इतके किलो" असं म्हणणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न तोच: त्या दिवशी तिथली वाळू किती ओली होती?